टोकियोचं तिकीट आणि कोल्हापूरचं थेटर

प्रश्न : भाचा टोकियोत असतो. तिथं सिनेमाचं तिकीट २००० येन, म्हणजे हजारावर रुपये! मग आपल्या मल्टिप्लेक्सला नावं कशाला ठेवायची?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : काका, भाच्याचा पगारपण येनातच होतो की! आपल्याकडं खरी मेख शंभरावर आहे. सप्टेंबर २०२५ पासून शंभरापर्यंतच्या तिकिटाला ५ टक्के जीएसटी, त्यावर गेलं की १८. जुन्या थेटरात डोक्यावर पंखा कुरकुरतो, पण हिरो आला की शिट्टी मारायला मोकळीक. मल्टिप्लेक्सात खुर्ची मऊ. पॉपकॉर्नचा भाव ऐकून आमची मंडळी पर्स मिटतात. घरचा चिवडा अडवायचा हक्क थेटरवाल्यांना सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये दिलाय. पिण्याचं पाणी मात्र त्यांनी फुकट द्यायचंय. बिनधास्त मागा.