'कम्पॅनियन' म्हणजे मोलकरीण नव्हे

प्रश्न असा आहे: व्हिक्टोरियन काळातल्या 'लेडीज कम्पॅनियन'ला मराठीत 'सखी' म्हटले तर चालेल का?

नाही. पण 'मोलकरीण' त्याहून वाईट, आणि मालिकांच्या मराठी उपशीर्षकांत तीच सारखी भेटते. कम्पॅनियन पगारी असे हे खरे. पण ती घरंदाज, बहुधा बिनलग्नाची आणि हलाखीत आलेली बाई. मालकिणीला वाचून दाखवायचे, तिची पत्रे लिहायची, बग्गीतून सोबत जायचे, पाहुण्यांशी बोलत बसायचे, ही तिची कामे. झाडलोट किंवा वेणीफणी तिच्याकडे नसे. गणवेश नाही. नोकर आपल्या दालनात जेवत, ही मालकिणीच्या टेबलावर.

ही शेवटची खूण शब्दातच आहे. लॅटिन 'कोम' म्हणजे सह, 'पानिस' म्हणजे पाव. एका पावातला घास खाणारी ती कम्पॅनियन. आपला 'पाव' पोर्तुगिजांनी आणला, तोही याच 'पानिस'चा वंशज. (पायाने मळतात म्हणून पाव, ही थाप आता पुरे.) 'लेडी'तही पावच! जुन्या इंग्रजीत 'ह्लाफदीगे', पाव मळणारी. यातला 'दीगे' आपल्या 'देह'मधल्या 'दिह्' धातूचा सगोत्र. ही फोड अर्थाने पटत नाही म्हणणाऱ्या कोशकारांनी तीच भाषा नीट पाहावी: धनी 'ह्लाफवेअर्ड', पावाचा राखणदार, त्यावरूनच 'लॉर्ड', आणि आश्रित 'ह्लाफएटा', पाव खाणारा. राखणारा आणि खाणारा चालतात, मग मळणारीच का खटकते?

यॉर्कशरमधल्या दोन जमीनदार बायका, ॲन लिस्टर आणि ॲन वॉकर, यांनी आपली गाठ कशी बांधली तेही बघा. 1834च्या ईस्टरला यॉर्कच्या होली ट्रिनिटी चर्चमध्ये दोघींनी मिळून प्रभुभोजनाचा प्रसाद घेतला, म्हणजे पाव आणि द्राक्षासव. व्हिक्टोरिया गादीवर यायला अजून 3 वर्षे होती. लिस्टरच्या लेखी हे लग्नच होते. 'कम्पॅनियन'चा याहून नेमका अर्थ मला माहीत नाही.

दुसरे टोक म्हणजे लेखिका फ्रान्सिस पॉवर कॉब आणि शिल्पकार मेरी लॉइड. इथे पगाराचा प्रश्नच नाही. 1862 साली निबंधकार डब्ल्यू. आर. ग्रेग यांनी जास्तीच्या अविवाहित बायका वसाहतींत धाडा असे सुचवले, तेव्हा कॉबने त्याच वर्षी लेख लिहून त्यांना उत्तर दिले. लग्न झाले की बायकोची मिळकत नवऱ्याच्या ताब्यात, हा कायदा 1882 साली बदलला. तोवर आपले पैसे आपल्या हातात ठेवायचे तर बिनलग्नाचे राहणे हाच सोपा मार्ग. कॉब आणि लॉइड तीस वर्षांहून अधिक काळ एकत्र राहिल्या, वेल्समधल्या लानेल्टिडला एकत्रच पुरल्या गेल्या. त्यांना नुसते 'मैत्रिणी' म्हणणारे अभ्यासक सावध नाहीत, भित्रे आहेत. तिथे 'सहचरी'च हवे.

पगारी असेल तर 'सोबतीण' लिहा.