बंदरातून पाण्याची लाइन नेताना: आधी नांगराचा हिशेब

५०० मिमी व्यासाची एचडीपीई (म्हणजे घन पॉलिइथिलीन प्लास्टिकची) लाइन बंदराच्या तळावर नुसती ठेवून, जागा नौकानयन नकाशावर दाखवली तर पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. मोठी जहाजं ये-जा करतात तिथे नाही पुरणार. इंजिन बंद पडलेलं जहाज नकाशा बघत बसत नाही, हाताशी असलेला नांगर सोडतं.

पण त्याआधी तरंगण्याचं बघा. पाणी भरलं की पाइप बसला, असा समज असतो. एचडीपीईची घनता (गोड्या पाण्याची १ मानून) ०.९५५ धरा, आत गोडं पाणी आणि बाहेर १.०२५ चं खारं. एसडीआर ११ चा (बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या ११ पट असलेला) तुमचा पाइप काठोकाठ भरलेला असला तरी मीटरमागे सुमारे ८ किलोने वर उचलला जातो. रिकामा असेल तर जवळपास १४० किलोने. काँक्रीटच्या ठोकळ्यांचं हवेतलं वजन धरून खूश होऊ नका, १०० किलोचा ठोकळा समुद्रात जेमतेम ५७ किलोचा उरतो. शिवाय उंचवट्यांवर हवा अडकते, तिच्यासाठीही वजनात शिल्लक ठेवा.

आता नांगर. वाळूत तो साधारण फाळाच्या (तळात घुसणाऱ्या पात्याच्या) लांबीइतका रुततो, मऊ चिखलात मात्र त्याच्या तिप्पट ते पाचपट. म्हणजे जिथे चर खणणं सोपं, तिथेच नुसतं पुरून भागत नाही. चरात पाइपभोवती बारीक खडी, वर टप्प्याटप्प्याने मोठा दगड, असा थर लागतो. मोठे दगड थेट पाइपवर सोडायचे नाहीत, हे सांगायला नको, पण बार्जवाल्याला (दगड वाहणाऱ्या सपाट बोटीवरच्या माणसाला) सांगावं लागतं! खणलेला पातळ गाळच परत चरात ढकलायचा मोहही आवरा. तो बराच काळ दाट द्रवासारखा वागतो आणि हलका पाइप त्यातून वर येतो. आमच्या एका कामात असंच झालं, दोन आठवड्यांनी सर्व्हेत पाइप चराबाहेर डोकावत होता.

पाइप किती खोल, हे आजच्या चॅनेलवर (जहाजांच्या खोल मार्गावर) ठरवू नका. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन ते स्टेटन आयलंड अशा १९१७ आणि १९२५ च्या दोन जलवाहिन्या बंदराखालून होत्या. मोठ्या जहाजांसाठी चॅनेल ५० फुटांपर्यंत खोल करायचं ठरलं, तेव्हा त्या आड आल्या आणि नवी वाहिनी बऱ्याच खालून बोगद्यातून न्यावी लागली. (बोगदाही बिनधोक नसतो. २०१२ च्या सँडी वादळात त्यात पाणी शिरून खोदाईचं यंत्र बुडालं होतं.) तेव्हा बंदराच्या पुढच्या ड्रेजिंगचा (तळ उपसून खोल करण्याचा) आराखडा आधी मागवा. खोली फारच निघाली, तर दिशानियंत्रित ड्रिलिंगचा (तळाखालून आडवं भोक पाडून त्यातून पाइप ओढण्याचा) भाव काढून बघा.

पाइप बुडवताना एका टोकाने पाणी भरतात, दुसऱ्या टोकाने हवा सोडतात आणि तिथेच टगने (ओढणाऱ्या बोटीने) ताण धरतात. हवेचा व्हॉल्व्ह घाईने उघडला तर पाइप झपकन खाली जातो आणि वरच्या वळणावर मुडपतो. भरती-ओहोटीच्या मधली संथ पाण्याची वेळ धरा आणि तेवढा वेळ वाहतूक बंद ठेवण्याची लेखी परवानगी बंदर अधिकाऱ्यांकडून आधीच घ्या.

दोन्ही किनाऱ्यांवर व्हॉल्व्ह आणि फ्लोमीटर (प्रवाह मोजणारे मीटर) हवेतच. दोन मीटरांतला फरक गळती दाखवतो. १० मीटर खोलीवर बाहेरून सुमारे १ बार दाब असतो, म्हणून आतला दाब त्याखाली गेला तर गळतीच्या जागेतून बंदराचं पाणी आत येतं. दाबचाचणी मात्र दगड टाकण्याआधीच उरका, नंतर एक सांधा शोधायला सगळा थर उपसावा लागतो.