पोराचं लास्ट सीन रोज रात्री अडीचचं दिसतंय, काय करू?

प्रश्न: मॅडम नमस्कार. मी सांगलीत विश्रामबागला राहते, मुलगा पुण्यात कॉट बेसिसवर राहून एमपीएससीची तयारी करतोय, दुसरं वर्ष आहे. रात्री मला जाग आली की मी व्हॉट्सअ‍ॅप उघडून त्याचं लास्ट सीन बघते, गेला महिनाभर दोन, अडीच, कधी तीन. आधी मित्रांबरोबरचे फोटो टाकायचा ते बंदच झालंय, आता नुसतं दुःखी शायरीचं स्टेटस. फोन केला की ‘बरंय गं आई’ म्हणून ठेवतो. भाचा म्हणतोय एक अ‍ॅप आहे, त्यात कधी झोपला कधी उठला सगळं कळतं, गुपचूप टाकू का त्याच्या मोबाईलमध्ये?
— एक आई, सांगली

उत्तर: ताई, अ‍ॅप टाकू नका. पोरगा सज्ञान आहे, त्याला न सांगता असलं काही टाकलंत आणि त्याला कळलं तर तो तुमच्याशी बोलायचाच बंद होईल, आणि आत्ता आपल्याला त्याचं बोलणंच हवंय. शिवाय हेरगिरीची ही अ‍ॅप मेसेज, लोकेशन सगळं उचलून तिसऱ्याच कुणाच्या तरी सर्व्हरवर नेतात.

पण तुमची काळजी खोटी नाहीये. तुम्ही जे टिपलंय ना तेच संशोधकांनी पण टिपलंय. 2013 मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या मुनमुन डे चौधरी आणि सहकाऱ्यांनी डिप्रेशन आलेल्या लोकांचं ट्विटर तपासलं, तर ही माणसं रात्री जास्त जागी दिसली, इतरांशी बोलणं कमी झालेलं, लिहिण्यात निराशा आणि ‘मी, मला’ जास्त. 2017 च्या एका अभ्यासात 166 जणांचे इन्स्टाग्रामचे फोटो बघितले, त्यात डिप्रेशनवाल्यांचे फोटो जास्त काळपट, निळसर, करडे निघाले. आणि 2016 मध्ये डेन्मार्कच्या एका प्रोग्रामरने फेसबुक मेसेंजरच्या ‘शेवटचं कधी अ‍ॅक्टिव्ह’ एवढ्या माहितीवरनं मित्रांच्या झोपेचे तक्ते काढून दाखवले होते, म्हणजे तुम्ही मध्यरात्री करताय तेच, फक्त कॉम्प्युटरवर.

आता ह्यात अडचण काय, तर हे सगळं पुष्कळ लोकांचं मिळून काढलेलं चित्र असतं, त्यावरनं तुमच्या एकट्या पोराला काय झालंय ते सांगता येत नाही. लास्ट सीन म्हणजे त्यानं व्हॉट्सअ‍ॅप शेवटचं कधी उघडलं एवढंच. पुण्यात कितीतरी अभ्यासिका रात्रभर चालू असतात, तो अडीचला रूमवर येऊन दहाला उठत असेल तर झोप सात तासांच्या वर होतीय, मोठ्या माणसाला किमान सात तास हवेतच. उलट लास्ट सीन अकराचं दिसलं आणि पुढं तीनपर्यंत रील्स बघत पडला असेल तर ते तुम्हाला कळणार पण नाही.

म्हणून मला त्या अडीचपेक्षा मित्रांचे फोटो बंद झाले ह्याची जास्त काळजी वाटते. माणूस त्याच्या स्वतःच्या आधीच्या वागण्यापेक्षा किती बदलला ते बघायचं. झोप बिघडलीय, जेवण कमी झालंय, कशात मन लागत नाही, चिडचिड होतीय, असं दोन आठवडे सलग चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवायचं, परीक्षा झाल्यावर बघू म्हणायचं नाही.

ताई, एकदा पुण्याला जाऊन या. गेल्या गेल्या अभ्यास कसा चाललाय हे विचारू नका, प्रिलिमचं तर नावच काढू नका. सरळ सांगा, ‘रात्री जाग आली की मी तुझं लास्ट सीन बघते, मला काळजी वाटते, झोप लागते का रे तुला?’ त्यानंतर त्यानं लास्ट सीन बंद केलं तरी चालेल. तो तयार असेल तर त्याची त्यालाच नोंद ठेवू दे, फोनमध्ये डिजिटल वेलबीइंग किंवा स्क्रीन टाइम असतो, त्यात दिवसभरात कुठल्या अ‍ॅपवर किती वेळ गेला ते दिसतं, त्याला झोपल्या-उठल्याची वेळ जोडली की डॉक्टरांना पण त्याचा उपयोग होतो.

आणि स्टेटसमध्ये ‘सगळं संपवावं’, ‘माफ करा सगळ्यांनी’ असलं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच क्षणी फोन लावा, रूम पार्टनरला त्याच्याजवळ बसायला सांगा, जीव द्यायचा विचार येतो का असं स्पष्ट विचारा, विचारल्यानं डोक्यात तसलं काही भरत नाही. टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फ्री आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, तुम्ही स्वतः पण लावू शकता.

प्रश्न: मी तासगावचा, द्राक्षबाग आहे. शेतीची लाईट रात्री असली की मोटर चालू करायला उठतो, मग स्टेटस बघत बसतो आणि झोपच उडते, दिवसभर डोकं भणभणतं. रात्री ऑनलाइन दिसतो म्हणून मित्र म्हणतात डिप्रेशन आलंय, खरंय का?

उत्तर: दादा, नुसतं ऑनलाइन दिसण्यावरनं नाही, तुमच्या जागण्याचं कारण लाईट आहे. पण तुटक झोपेनं मूड उतरतो हे खरंच. 2011 मध्ये 84 देशांतल्या लोकांचे ट्विट तपासले तेव्हा माणसाचा मूड सकाळी चांगला आणि दिवस चढेल तसा उतरत जातो असं दिसलं होतं, झोपेनं मन ताजं होतं हे त्यामागचं एक कारण असावं असं संशोधकांचं म्हणणं. मोटर चालू करताना उजेडाला बॅटरी न्या, फोन घरीच ठेवा. दुपारी जेवणानंतर अर्धा तास पडा. आणि रात्र जागून काढली असेल तर दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आणि औषध फवारणी दुसऱ्याकडं द्या.