सामान्य मतदाराला करधोरण सोप्या भाषेत कसं समजावून सांगावं?

तुमची अडचण अशी की प्रत्यक्ष कर, अप्रत्यक्ष कर, महसुली तूट हे शब्द काढले की लोक ऐकणंच सोडतात. मतदारांच्या बैठकांत मी हेच काम करतो, आणि सुरुवात नेहमी कागद, पेन आणि एका छोट्या गणितानं करतो.

जवळजवळ प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतंच, "पगारवाढ घेऊन काय उपयोग? वरच्या स्लॅबमध्ये गेलो की सगळी वाढ करातच जाते." आधी हा गैरसमज काढा. समजा, पहिल्या 100 वर कर नाही, पुढच्या 100 वर 10 टक्के आणि त्यावरच्या रकमेवर 20 टक्के. 200 कमावणारा 10 कर भरतो. कमाई 210 झाली, तर 20 टक्के लागतात ते फक्त वरच्या 10 ला. कर होतो 12. हातात आधी 190 उरायचे, आता 198. हे गणित तुम्ही सोडवू नका, पेन समोरच्याच्या हातात द्या. (ठरावीक उत्पन्नानंतर एखादी सरकारी मदत बंद होत असेल तर खरोखर तोटा होऊ शकतो. तो मुद्दा वेगळा ठेवा.)

अमेरिकेत 1954 ते 1963 या काळात आयकराचा सर्वात वरचा दर 91 टक्के होता. नुसतं एवढंच ऐकलं तर वाटतं, सरकार सगळंच काढून घेत होतं. पण एकट्या करदात्याला तो दर 2 लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नालाच लागायचा, आणि तेव्हा एवढं कमावणारे अगदी मोजके होते.

आता त्याच कागदावर निवडणुकीतलं आश्वासन मांडा. 20 चा दर 15 केला, तर 210 वाल्याचा अर्धा रुपया वाचतो आणि 1000 वाल्याचे 40 रुपये. त्याऐवजी 10 चा दर 5 केला, तर दोघांचेही 5 वाचतात. "कर कमी करू" हे वाक्य दोन्हीकडे तेच आहे. मला विचाराल तर करधोरणातलं एवढं एक जरी लोकांना कळलं तरी बैठक सार्थकी लागली.

वस्तूंवरचा कर समजायला सोपा. साबणावरचा कर कमाई विचारत नाही, त्यामुळे कमी कमावणाऱ्याच्या खिशातला मोठा वाटा तो नेतो.

अवघड आहे ते हे, की कर भरणारा एक आणि सोसणारा दुसराच असू शकतो. इंग्लंडमध्ये 1696 पासून 1851 पर्यंत घराच्या खिडक्या मोजून कर घेत. जिथे अनेक भाडेकरू राहायचे, त्या इमारतीचा कर मालकाच्या नावावर असायचा. मालकांनी खिडक्या विटांनी बुजवून कर वाचवला आणि अंधारात, कोंदट हवेत राहिले भाडेकरू. म्हणून "हा कर कंपन्यांवर आहे, तुमच्यावर नाही" असं कुणी म्हटलं, की लोकांना तीन शक्यता सांगा: वस्तूचा भाव वाढेल, कामगारांची पगारवाढ रखडेल किंवा मालकांचा नफा घटेल. बहुतेक वेळा तिन्ही थोडंथोडं होतं. कुणावर किती पडेल, हे गिऱ्हाइकाला दुसरा पर्याय आहे का आणि कामगाराला दुसरी नोकरी मिळते का, यावर ठरतं.

उमेदवार आला की कागद पुढे करून दोनच प्रश्न विचारायला सांगा: कुठल्या टप्प्याचा दर कमी करणार, आणि तेवढा महसूल कुठून भरून काढणार?