कॉक्लिअर इम्प्लांट स्विच ऑन होऊन दोन महिने झाले, तरी हाकेला वळत नाही: आधी हे तपासा

मुलगी अडीच वर्षांची, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवलेलं यंत्र) सुरू होऊन दोन महिने झालेत, हाक मारली तर बघत नाही, म्हणून मॅप, म्हणजे यंत्रातली आवाजाच्या पातळीची जुळणी, वाढवून घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. जरा थांबा. तिच्या ऐकण्याचं वय, यंत्र सुरू झालं तेव्हापासून मोजलेलं, आज दोन महिने आहे, आणि त्या वयाचं ऐकू येणारं बाळही नावाला वळत नाही. शिवाय मॅप गरजेपेक्षा जोरात झाला की मुलं दचकतात, कॉइल (डोक्याला चुंबकाने चिकटणारी चकती) ओढून काढतात आणि मग प्रोसेसर (यंत्राचा कानावर घालायचा बाहेरचा भाग) घालूच देत नाहीत.

रोज सकाळी सहा ध्वनी तपासा: म, ऊ, आ, ई, श, स. तिच्या हातात मणी द्या. आवाज आला की तो वाटीत टाकायचा, हे आधी शिकवा. तुम्ही इम्प्लांटच्या बाजूला, किंचित मागे, एक मीटरवर बसा. तोंडापुढे हात धरू नका, त्याने 'स' दबतो. दोन ध्वनींमध्ये कधी दोन सेकंद जाऊ द्या, कधी दहा. नाहीतर ती तालावर मणी टाकते आणि आपल्याला वाटतं, ऐकलं.

सहाही चुकले तर बॅटरी, कॉइल, केबल बघा. केबल बहुतेक वेळा जोडापाशी आतून तुटते, वरून दिसत नाही. जादा केबल लावून बघा. काल येत होते ते 'श' आणि 'स' तेवढेच गेले असतील, तर मायक्रोफोनचं कव्हर घामाने-धुळीने बुजलंय का ते आधी पाहा. पावसाळ्यात तर प्रोसेसर रोज रात्री ड्राय बॉक्समध्ये, म्हणजे ओलावा शोषणारे दाणे घातलेल्या डब्यात, हवाच. दाण्यांचा रंग पालटला की दाणे बदला. एवढं करूनही एखादा ध्वनी दोन-तीन दिवस चुकत राहिला तर नोंदी घेऊन ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) जा. 'ऐकत नाही' यापेक्षा 'सोमवारपासून ई येत नाही' हे सांगितलंत तर त्यांना नेमकं काम करता येतं.

त्याच वेळी प्रोसेसरमधली वापराच्या तासांची नोंद दाखवायला सांगा. जागेपणी पूर्ण वेळ तो कानावर हवा. नोंदीत चार-पाच तासच निघाले तर मॅपला दोष देऊन उपयोग नाही. कॉइलखालची त्वचा लाल होत असेल तर चुंबक कमी ताकदीचं लावून घ्या.

आता हाक. ऐकू येतं का हे बघायला दिवसभर नाव घेत राहणं आजच बंद करा, अगदी कळकळीने सांगतोय. वळल्यावर समोर काहीच नसेल तर त्या आवाजाला तिच्या लेखी अर्थच उरत नाही. आजी दारात आली, तुमच्या हातात सोललेलं केळं आहे, तेव्हा हाक मारा. एकदाच, आणि मनात पाच आकडे मोजा. नाही वळली तर जवळ जाऊन पुन्हा. खांद्याला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी. कुकरची शिट्टी झाली की स्वतःच्या कानाला बोट लावून "ऐकलंस? शिट्टी झाली!" म्हणा आणि मग तिला कुकरपाशी न्या. आधी आवाज, मग वस्तू. क्रम उलटला तर ती डोळ्यांवरच विसंबून राहते. आणि या सगळ्या वेळात टीव्ही बंद ठेवा, लांबून येणारं तुमचं बोलणं त्यात बुडून जातं.