विधेयकाचे ‘मूल्यमापन’ करावे की ‘चिकित्सा’?

मालवणच्या बाजूच्या एका मच्छीमार सहकारी संस्थेच्या सचिवांनी विचारले आहे: मासेमारी, बंदरे, किनाऱ्यावरच्या जमिनी यांच्याशी संबंध असलेले विधेयक विधिमंडळात आले की आमच्यातले काहीजण एकत्र बसून ते वाचतात, त्यावर बोलतात आणि आपले म्हणणे आमदारांना लेखी कळवतात. या कामाला इतिवृत्तात काय म्हणावे? मूल्यमापन, परीक्षण आणि छाननी असे तीन शब्द पुढे आले. एका निवृत्त गुरुजींनी ‘चिकित्सा’ सुचवला, पण तो बाकीच्यांना दवाखान्यातला वाटला. सोबत त्यांनी आणखी एक शंका जोडली आहे: मसुद्यातल्या क्रमांकांना कलम म्हणायचे की खंड?

गुरुजींचा शब्द घ्या.

मूल्यमापन होते ते पार पडलेल्या गोष्टीचे. मुलाने वर्षभर केलेल्या अभ्यासाचे, पाच वर्षे राबवलेल्या योजनेचे. आपल्याकडचा १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम घ्या. त्याने पारंपरिक मच्छीमाराला काय दिले, पर्ससीन म्हणजे वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीला आळा बसला का, याचे मूल्यमापन जरूर करावे, कारण तो चाळीसहून अधिक वर्षे अंमलात आहे. विधेयक अजून व्हायचे असते, बदलता येते, त्यामुळे त्याला गुण देऊन भागत नाही. ‘परीक्षण’ हा शब्द मराठीत पुस्तकाला, नाटकाला आणि हिशेबाला चिकटला आहे. तो चुकीचा नाही, पण परीक्षण करणारा बाहेर उभा राहून मत देतो, मजकुरात हात घालत नाही. ‘छाननी’ म्हणजे चाळून वेगळे करणे. उमेदवारी अर्जांची छाननी होते तेव्हा अर्ज वैध की अवैध एवढेच ठरते, उमेदवार चांगला की वाईट हे कोणी बघत नाही. विधेयकाचीही अशी छाननी होते, पण ती सभागृहात येण्याआधी, मंत्रालयात: विषय राज्याच्या अखत्यारीत येतो का, राज्यघटनेशी विसंगत काही आहे का, आधीच्या एखाद्या कायद्याशी टक्कर होते का. ते काम विधी व न्याय विभागाचे. तुम्ही करता ते त्याच्या पुढचे आहे.

आता ‘चिकित्सा’. मुळात संस्कृत ‘कित्’ धातू. त्यापासून झालेल्या या शब्दाचा संस्कृतात मुख्य अर्थ रोगावर उपाय करणे. हिंदीत तो तेवढाच राहिला आहे, आणि आपल्याकडेही ‘जिल्हा शल्यचिकित्सक’ या पदनामात तो आहेच, म्हणून तुमच्या सभासदांना दवाखाना आठवला. पण मराठीने या शब्दाला स्वतःचा एक अर्थ दिला. ‘चिकित्सक माणूस’ म्हटले की मराठी माणसाला डॉक्टर दिसत नाही. शंका काढणारा, कारण विचारणारा, ऐकीव गोष्ट तशीच न स्वीकारणारा माणूस दिसतो. ‘धर्मचिकित्सा’ म्हणतो ती याच अर्थाने. दोष कुठे आहे ते शोधायचे आणि त्यावर उपायही सुचवायचा, ही दोन्ही कामे या एका शब्दात आली आहेत. विधेयकाला नेमके हेच लागते.

शिवाय हा शब्द विधिमंडळाचाच आहे. एखाद्या विधेयकावर जास्त खोलात जाऊन विचार व्हावा असे सभागृहाला वाटले, तर ते सदस्यांच्या समितीकडे सोपवतात. या समितीला हिंदीत ‘प्रवर समिती’ म्हणतात आणि मराठीतही तो शब्द अधूनमधून दिसतो. पण ‘प्रवर’ म्हटले की आपल्या लोकांना लग्नातले गोत्र-प्रवर आठवतात. मराठीत रुळलेले नाव आहे ‘चिकित्सा समिती’, आणि विधानसभा व विधानपरिषद या दोन्ही सभागृहांचे सदस्य तिच्यात असले की ‘संयुक्त चिकित्सा समिती’. महिला व बालकांवरील अत्याचारांबाबतचे ‘शक्ती’ विधेयक डिसेंबर २०२० मध्ये मांडले गेले आणि अशाच समितीकडे गेले, तेव्हा वर्तमानपत्रांतून हे नाव घरोघरी पोचले. समितीतले सदस्य कसे निवडले याच्याशी वाचकाला काय करायचे? समिती काय करते ते नावातच आहे, हे मला फार पटते.

‘विधेयक’ या शब्दाकडेही जरा बारकाईने बघा. पेय म्हणजे प्यायचे, देय म्हणजे द्यायचे, तसे विधेय म्हणजे ज्याचे विधान करायचे आहे ते. शब्दाच्या घडणीतच ‘अजून व्हायचे आहे’ हा अर्थ बसलेला आहे. विधेयक दोन्ही सभागृहांनी संमत केले आणि राज्यपालांनी अनुमती दिली की ते ‘अधिनियम’ होते. बोलताना आपण अधिनियमाला कायदा म्हणतो आणि म्हणत राहावे. रत्नागिरीत १९२४ ते १९३७ स्थानबद्ध असताना भाषाशुद्धीची चळवळ चालवणाऱ्या सावरकरांनी ‘कायदा’ला ‘निर्बंध’ हा पर्याय दिला होता. तो शब्द टिकला, पण बंधन या अर्थाने. कायदा हा अरबी शब्द मराठीच्या रक्तात गेला आहे. माझे म्हणणे एवढेच, की विधेयकाला कायदा म्हणू नका. सभागृहात ते नुसते मांडले गेले की दुसऱ्या दिवशी ‘नवा कायदा आला’ अशी बातमी होते, आणि वाचणाऱ्याला वाटते, संपले, आता बोलून काय उपयोग. खरे तर बोलण्याची वेळ तीच असते.

कोकणाला हा फरक इतिहासातूनच माहीत असायला हवा. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती पद्धत, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची कुळांवरची सत्ता, रद्द करण्याचे विधेयक मांडले. त्याआधी १९३३ पासून अलिबागजवळच्या चरीच्या कुळांचा संप नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली सुरू होता. १० जानेवारी १९३८ ला कोकणातून गेलेल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर, म्हणजे विधिमंडळावर, धडकला. एवढे होऊनही ते विधेयक अधिनियम झाले नाही. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या मुंबई खोती निर्मूलन अधिनियमाने. मधली बारा वर्षे ‘विधेयक मांडले’ आणि ‘कायदा झाला’ यांच्यामधली आहेत. (बोलण्यात ‘बिल’ म्हटले तरी बिघडत नाही. ‘हिंदू कोड बिल’ आपण अजून तसेच म्हणतो.)

चिकित्सा करायला बसाल तेव्हा दोन-तीन शब्दांवर पेन्सिलीने खूण करत जा. त्यातला पहिला ‘विहित’. हा ‘विधेय’चा सख्खा भाऊ, ‘धा’ धातूचाच. विधेय म्हणजे ठरवायचे ते, विहित म्हणजे ठरवून दिलेले. पण मसुद्यात तो येतो असा: ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’, ‘विहित करण्यात येईल इतकी फी’. म्हणजे ती रीत आणि ती फी या विधेयकात नाही. नंतर सरकार नियम करून ती ठरवणार आहे. जिथे जिथे ‘विहित’ आहे तिथे तिथे निर्णय सभागृहाकडून सरकारकडे गेला, असे समजून चाला. प्रत्येक ठिकाणी त्यात गैर असते असे नाही. अर्जाचा नमुना कायद्यात कशाला हवा? पण नौकेचा परवाना कोणत्या कारणांनी रद्द होईल हेही ‘विहित’वर सोडले असेल, तर तिथे थांबावे. विधेयकाच्या शेवटी असे अधिकार कोणत्या खंडात सोपवले आहेत ते सांगणारे एक ज्ञापन जोडलेले असते. बहुतेकजण तिथपर्यंत पोचत नाहीत. मी तर सुचवीन, की विधेयक शेवटापासून वाचायला घ्या: आधी ‘उद्देश व कारणे यांचे निवेदन’, मग ज्ञापने आणि मूळ अधिनियमातले उतारे, आणि मग पहिले पान.

दुसरी खूण क्रियापदावर. ‘अधिकारी चौकशी करील’ आणि ‘अधिकाऱ्यास चौकशी करता येईल’ ही दोन वाक्ये कानाला जवळजवळ सारखी लागतात. पहिल्याने अधिकाऱ्यावर कर्तव्य येते, दुसऱ्याने त्याला फक्त मुभा मिळते. नुकसानभरपाई, सुनावणी, जप्त केलेली नौका परत देणे, अशा ठिकाणी ‘येईल’ असेल तर ‘करील’ मागता येईल का ते पाहा. एका क्रियापदाने गरीब माणसाचा हक्क अधिकाऱ्याच्या मर्जीवर जाऊ शकतो. अनेकदा मसुद्यावरचा अर्धा वाद या दोन रूपांतच असतो, आणि तो समजायला वकील लागत नाही, मराठी लागते.

तिसरी, ‘परंतु’ने सुरू होणारी वाक्ये. त्यांना परंतुक म्हणतात. वर दिलेले बऱ्याचदा तिथे कमी होते. तसेच ‘अन्य कोणत्याही कायद्यात काहीही अंतर्भूत असले तरी’ असे शब्द दिसले तर ही तरतूद बाकीच्या कायद्यांच्या वर चढते आहे हे ओळखावे.

आता कलम आणि खंड. रत्नागिरी-देवगडच्या माणसाला कलम म्हटले की आधी हापूसचे झाड दिसणार. मसुद्यापुरते सांगायचे तर, अधिनियमाच्या क्रमांकांना कलम म्हणतात, विधेयकाच्या क्रमांकांना खंड. राज्यघटनेत अनुच्छेद असतात, बोलताना आपण तिथेही कलम म्हणतो ते सोडा. सभागृहात ‘खंडशः विचार’ होतो तो यामुळेच. सुधारणा विधेयकात हा भेद पाळला नाही तर घोटाळा ठरलेला. कारण विधेयकाचा खंड ३ हा मूळ अधिनियमाच्या कलम १४ मध्ये बदल करत असू शकतो. तुम्ही पत्रात ‘कलम ३ ला आमची हरकत आहे’ असे लिहिलेत, तर वाचणारा मूळ कायद्याचे कलम ३ उघडेल, आणि तिथे कदाचित नुसत्या व्याख्या असतील.

‘सुधारणा’ हाच शब्द ठेवा. बोलण्यात ‘घटनादुरुस्ती’ रुळला आहे, तोही ठीक. पण हल्ली वृत्तवाहिन्यांच्या पट्ट्यांवर ‘संशोधन विधेयक’ येते, ते हिंदीतून उचललेले आहे. मराठीत संशोधन प्रयोगशाळेत आणि विद्यापीठात होते. तसेच विधेयक ‘पारित’ होण्यापेक्षा मंजूर किंवा संमत व्हावे.

एक गोष्ट तुमच्या पत्रात होती म्हणून सांगतो. तुम्ही ‘सीआरझेड विधेयक’ असा उल्लेख केला आहे. किनारपट्टी नियमनाची ही व्यवस्था विधेयकातून आलेली नाही. केंद्र सरकारने १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखाली काढलेली ती अधिसूचना आहे: पहिली १९९१ ची, मग २०११ ची, आणि २०१९ ची. तिच्यावर सभागृहात खंडशः विचार झाला नाही, चिकित्सा समिती बसली नाही. अधिसूचनेचा मसुदा प्रसिद्ध होतो आणि ठरलेल्या मुदतीत हरकती व सूचना मागवल्या जातात, लोकांना संधी असते ती तेवढीच. म्हणून तिथे आमदारांना लिहून बसू नका, मसुद्यात दिलेल्या पत्त्यावर मुदतीच्या आत पाठवा.

‘हरकती व सूचना’ ही जोडी नीट वापरा. हरकत म्हणजे ही तरतूद नको, आणि का नको. सूचना म्हणजे तिच्याऐवजी काय हवे. आपल्याकडे सिंधुदुर्गात देवापुढे गाऱ्हाणे घालतात तेव्हा सगळे दुःख एका दमात सांगतात आणि सोबतची माणसे ‘व्हय महाराजा’ म्हणतात. त्या भाषेचे मोल मोठे आहे आणि सभेत ती बोलावीच. पण समितीपुढे जाणाऱ्या कागदावर, सभासदांचे दुःख एका परिच्छेदात सांगून झाल्यावर, थेट सभागृहात मांडता येईल असा मजकूर द्यावा. मसुद्याच्या मराठीत त्यासाठी ठरलेल्या तऱ्हा आहेत. काढायचे असेल तर ‘वगळण्यात यावा’, नवे घालायचे असेल तर ‘समाविष्ट करण्यात यावा’, आणि बदलायचे असेल तर असे: ‘खंड ३ मधील “तीस दिवसांच्या आत” या मजकुराऐवजी “साठ दिवसांच्या आत” हा मजकूर दाखल करण्यात यावा.’ असे वाक्य हाती आले तर आमदाराला ते फारसे न बदलता सुधारणा म्हणून देता येते.

मराठी मजकुराचा अर्थ दोन प्रकारे लागत असेल तर त्याच विधेयकाचा इंग्रजी मजकूरही काढून बघा. राज्यपालांच्या अधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेले इंग्रजी भाषांतर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८(३) नुसार अधिकृत पाठ मानले जाते. मराठी राज्यात हे मनाला लागते, पण सूचना पाठवताना ते विसरून चालत नाही.

इतिवृत्तात मग असे लिहिता येईल: ‘विधानसभा विधेयक क्रमांक अमुक याची सभासदांनी खंडशः चिकित्सा केली. खंड ३ व खंड ७ यांबाबतच्या हरकती व सूचना सोबत जोडल्या असून त्या आमदारांकडे पाठवण्याचे सर्वानुमते ठरले.’