लॅपटॉपचा पंखा रात्रभर का घरघरतो?

प्रश्न: मिरजेत माझं शिवणकामाचं दुकान आहे. मुलगा कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. वर्गातली मुलं प्लेसमेंटच्या तयारीला लागलीत आणि हा रात्र-रात्र हास्केल नावाच्या भाषेच्या कम्पायलरवर फुकट राबतोय. लॅपटॉपचा पंखा घरघरत असतो. त्याला थांबवू का?

उत्तर: ताई, थांबवू नका. पण मोकळंही सोडू नका.

तो काय करतोय ते तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल. गिऱ्हाईक म्हणतं, मागे खोल गळा, कोपरापर्यंत बाही. कापड कसं बेतायचं, काठ कुठे आणायचा, हे तुमचं डोकं. हास्केलमध्येही प्रोग्रामर फक्त काय हवं ते सांगतो, बेतणं कम्पायलरच्या, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल अशा भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामच्या, गळ्यात. त्यात ही भाषा आळशी. गरज पडल्याशिवाय कुठलंच गणित सोडवत नाही. मग कुठलं उत्तर पुढे लागणारच आहे हे कम्पायलरला आधी हेरावं लागतं, नाहीतर न सोडवलेल्या गणितांची उधारी साचत जाऊन मेमरी भरते. जीएचसी हा हास्केलचा कम्पायलर सगळा प्रोग्राम आधी 'कोअर' नावाच्या छोट्या भाषेत उतरवतो. तिच्यात रचनेचे प्रकार जेमतेम दहा, आणि बहुतेक काटछाट तिथेच होते. ग्लासगो विद्यापीठात सुरू झालेला हा कम्पायलर स्वतः बराचसा हास्केलमध्येच लिहिलाय, आणि तीसेक वर्षांनंतरही त्यावर काम चालू आहे.

मुलाला एकच विचारा: तुझा कोड त्या कम्पायलरमध्ये घेतला गेला का? नुसतं वाचत बसला असेल तर तो छंद. पण एखादा दिशाभूल करणारा एरर मेसेज सुधारला, आधी नापास होणारी टेस्ट लिहिली, मग दुरुस्ती केली, अनोळखी जाणकारांनी ओळ न् ओळ तपासून दोनदा परत पाठवली आणि शेवटी घेतली, तर ती उमेदवारी आहे. तुमच्याकडे मुली काज-बटणापासून शिकतात, तसंच. शिवाय हे काम कुणालाही उघडून बघता येतं. सर्टिफिकेटांच्या फाइलपेक्षा मी त्याला जास्त किंमत देतो.

आता कडू भाग. हास्केलच्या नोकऱ्या थोड्या. बंगळुरूची जसपे ही पेमेंट कंपनी ती वापरते, पण एका कंपनीच्या भरवशावर राहता येत नाही. कम्पायलरच्या बऱ्याच जागा चिप बनवणाऱ्या कंपन्यांत असतात आणि तिथे सी++ ही भाषा आणि एलएलव्हीएम हा कम्पायलर बांधायच्या तयार साधनांचा संच विचारतात. जीएचसीला एलएलव्हीएमकडून मशीन कोड करून घेता येतो, तेव्हा त्या वाटेने शिकला तर परकं वाटणार नाही. एम.टेक.च्या प्रवेशासाठी असलेल्या गेट परीक्षेच्या अभ्यासक्रमात कम्पायलर आहेच, आणि आयआयटी मुंबईत या विषयावर चांगलं काम झालंय, एम.टेक.चा विचार जरूर करावा. प्लेसमेंटच्या कोडिंग टेस्टसाठी मात्र रोज तासभर बाजूला काढायला लावा. त्यावर वाद नको.

आणि जमलं तर लॅपटॉपची रॅम वाढवून द्या. एवढा मोठा कम्पायलर मुळापासून बांधायचा म्हणजे पंखा फिरणारच.